घरच्या चित्रफिती व त्यांतील रंग

पावसाळ्यांत पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकींत बसलेला मनुष्य, कामशेत सुटल्यानंतर, हिरवा हा एकच रंग आहे असें म्हणूं शकत नाहीं. इंद्रायणीच्या खोऱ्यांतील भातरोपांचा पोपटी, लोहगड-विसापूरच्या उतारांवरील कोवळ्या गवताचा ताजा, कार्ल्याच्या डोंगरावरील झाडीचा गर्द आणि कातळावर चढलेल्या शेवाळाचा काळपट, असे हिरव्याचे नाना प्रकार डोळा एका दृष्टिक्षेपांत वेगवेगळे ओळखतो. हेंच दृश्य तीस वर्षांपूर्वीं कोणी घरच्या व्हिडिओ कॅमेऱ्यानें टिपलें असेल आणि आतां त्या फितीवरून संगणकांत उतरवून घेतलें असेल, तर तें पाहतांना बहुधा निराशाच पदरीं येते. सारा डोंगर एकाच मळकट हिरव्या रंगानें सारवल्यासारखा दिसतो, आणि पुढें उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे तापकरी वाटतात. "फीत जुनी झाली, रंग उडाले," असें म्हणून आपण स्वतःचें समाधान करून घेतों. कधीं तें खरेंही असतें. परंतु कित्येकदां रंग फितीवर शाबूत असतात, आणि ते उतरवून घेण्याच्या रीतींत बिघडतात.

हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे. १९८२ सालीं, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षीं, आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आलें. आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मध्यमवर्गीय घरांतील मंगलकार्यांत फोटोग्राफरच्या जोडीस व्हिडिओवालाही दिसूं लागला. मौंजीबंधन, विवाह, मंगळागौर, सहस्रचंद्रदर्शन, लोणावळ्या-खंडाळ्याची सहल, असे प्रसंग आधीं व्हीएचएस कॅसेटींवर व पुढें मिनी-डीव्हीच्या लहान फितींवर सांठविले गेले. त्यांत दिसणारीं वडील माणसें आज पुष्कळ घरांत हयात नाहींत. त्यांचें चालणें, बोलणें, हंसणें तेवढ्या फितींतच उरलें आहे. फितीवरील चुंबकीय द्रव्याचा थर काळानें क्षीण होतो. आणि वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस जेथें पडतो, त्या लोणावळ्यासारख्या दमट गांवीं तिजवर पांढरी बुरशीही चढते. फीत चालविणारीं यंत्रेंही दुर्मिळ झालीं आहेत. जपानची फुनाई ही व्हीएचएस यंत्रें करणारी शेवटची कंपनी समजली जात असे. तिनेंही २०१६ च्या जुलैमध्यें त्यांचें उत्पादन थांबविलें. तेव्हां एखादी फीत नीट उतरवून घेण्याची संधि कदाचित् एकदांच मिळेल. ती वायां जाऊं नये म्हणून रंगांचा हिशेब थोडा तरी समजून घेतला पाहिजे.

मळवलीचा धडा

हा हिशेब समजण्यास मावळाबाहेर जाण्याचें कारण नाहीं. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस काढलेला शिळाछापखाना १८९९ मध्यें कार्ल्याजवळ मळवलीस आणण्यांत आला. लक्ष्मी-सरस्वतीचीं जीं चित्रें महाराष्ट्रांतील घराघरांच्या भिंतींवर लागलीं, तीं या छापखान्याचीं. पुढें तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हातीं गेला, आणि १९७२ मध्यें लागलेल्या आगींत त्याची अखेर झाली. तेथें एक चित्र छापावयाचें म्हणजे एक शिळा पुरत नसे. मूळ चित्रांतील रंगांची फोड करून रंगागणिक वेगळी शिळा तयार करावी लागे. आकृतीची बाह्यरेषा एका शिळेवर, आणि पुढें एकेक रंग आपापल्या शिळेवरून, तोच कागद पुनः पुनः दाबून. एखादी शिळा केसभर सरकली कीं साडीचा रंग कांठाबाहेर जाई.

दादासाहेब फाळके यांनीं लोणावळ्यास असतां याच छापखान्यासाठीं, फोटोच्या साह्यानें शिळेवर चित्र उतरविण्याचें काम केलें. आणि रंगीत छपाईच्या यंत्रसामुग्रीसाठीं ते १९०९ च्या सुमारास जर्मनीस जाऊन आले. १९१३ सालीं त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तो मात्र कृष्णधवल. रंगीत चित्रपटाचा प्रयत्न पुढें प्रभात फिल्म कंपनीनें केला. १९३३ सालच्या 'सैरंध्री'चें रंगसंस्करण जर्मनींत करण्यांत आलें. परंतु पडद्यावर अपेक्षित रंग उतरले नाहींत. एका जागीं टिपलेला रंग दुसऱ्या जागीं उतरवितांना पालटतो, हा अनुभव आपल्याकडे असा जुना आहे. मळवलीच्या शिळांवर जी फोड हातानें होई, तीच आज संगणकांत आंकड्यांनीं होते, इतकाच फरक.

रंगाचें माप

संगणक प्रत्येक रंग तीन आंकड्यांनीं लिहितो. हे तीन आंकडे कोणत्या पद्धतीनें वाचावयाचे, हें ठरविणारी जी व्यवस्था तिला इंग्रजींत 'कलर स्पेस' म्हणतात. आपण तिला रंगावकाश म्हणूं. एकाच शेताचें क्षेत्र गुंठ्यांत सांगितलें तर आंकडा वेगळा, आणि चौरस मीटरांत सांगितलें तर वेगळा. शेत तेंच, पण आंकड्याबरोबर माप सांगितलें नाहीं, तर व्यवहार फसलाच म्हणावयाचा. चित्रफितींचे रंग बिघडतात ते बहुधा याच कारणानें: आंकडे एका मापांत लिहिले जातात व दुसऱ्या मापांत वाचले जातात.

संगणकाच्या पडद्याचें माप म्हणजे तांबडा, हिरवा व निळा यांचें प्रमाण. व्हिडिओचें माप निराळें आहे, आणि त्याचें कारण ऐतिहासिक आहे. १९५३ सालीं अमेरिकेनें रंगीत दूरदर्शनाची पद्धति मुक्रर केली, तेव्हां लोकांच्या घरीं कृष्णधवल संच होते; ते निरुपयोगी होऊं नयेत अशी अट होती. म्हणून चित्राचे दोन भाग करण्यांत आले. एक उजेड-अंधाराचा, त्यास आपण दीप्ति म्हणूं. दुसरा केवळ रंगाचा. त्यास वर्ण म्हणूं. जुन्या संचानें दीप्ति तेवढी घ्यावी व वर्ण सोडून द्यावा. नव्यानें दोन्ही घ्यावींत. वर्णाचेही पुन्हां दोन आंकडे, म्हणजे एकूण तीन झाले. मळवलीच्या छापखान्यांत रेषेची शिळा वेगळी व रंगांच्या वेगळ्या, तसाच कांहींसा हा प्रकार.

पुढें जर्मनींत टेलेफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनीं 'पाल' ही सुधारलेली पद्धति काढली. तींत दर ओळीस वर्णाच्या संदेशाची दिशा उलटविली जाते, त्यामुळें वाटेंत झालेल्या रंगाच्या चुका परस्परांस खोडतात. भारतानें हीच पद्धति स्वीकारली; म्हणून आपल्या घरच्या फिती सहसा ६२५ ओळींच्या व सेकंदास २५ चित्रांच्या असतात. अमेरिकेंतील मुलाकडून किंवा भावाकडून आलेली फीत मात्र ५२५ ओळींच्या पद्धतीची असण्याचा संभव फार. ती चालविण्यास त्या पद्धतीचें यंत्रच हवें. भलत्या यंत्रावर ती चालविली तर कधीं चित्र कृष्णधवल दिसतें, कधीं नुसतें लोळतें; आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं फीतच खराब आहे!

कुंकू शेंदरी कां होतें

दीप्तीचा आंकडा काढतांना तिन्ही रंग सारखे मोजीत नाहींत. मनुष्याच्या डोळ्यास हिरवा सर्वांत उजळ भासतो व निळा सर्वांत मंद. म्हणून १९८२ सालच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत, जी ६०१ या क्रमांकानें ओळखली जाते, हिरव्याचा वांटा शेंकडा ५८.७, तांबड्याचा २९.९ व निळ्याचा ११.४ धरला आहे. १९९० मध्यें मोठ्या व स्पष्ट चित्रांसाठीं ७०९ क्रमांकाची दुसरी शिफारस निघाली. तींत हिरव्याचा वांटा ७१.५२, तांबड्याचा २१.२६ व निळ्याचा ७.२२ असा आहे. जुन्या फिती पहिल्या मापाच्या, नवे दूरदर्शनसंच व मोबाइल दुसऱ्या मापाचे.

आतां समजा, तळेगांवच्या एका घरांत १९९३ सालच्या मौंजीबंधनाची फीत आहे. घरांतील कोणा उत्साही तरुणानें ती संगणकांत उतरविली, आणि मोठ्या पडद्यावर बरी दिसावी म्हणून चित्राचा आकार वाढविला. पुष्कळ यंत्रें चित्राच्या आकारावरूनच मापाचा तर्क करतात: लहान चित्र असेल तर ६०१, मोठें असेल तर ७०९. चित्र मोठें केलें, पण आंकड्यांचें माप बदललें नाहीं, तर यंत्राचा तर्क चुकतो. अशा वेळीं काय होतें त्याचें गणित सहज मांडतां येतें. आंकडे ० पासून २५५ पर्यंत धरले, तर शुद्ध हिरव्याचा आंकडा २५५ असावयाचा तो सुमारें २१५ वर उतरतो, म्हणजे हिरवा काळवंडतो. शुद्ध तांबड्यांत हिरव्याचा सुमारें २५ चा शिरकाव होतो, म्हणजे तांबडा नारिंगीकडे झुकतो. मातेच्या कपाळावरील कुंकू शेंदरी दिसूं लागतें, चेहरे तापलेले दिसतात, आणि मांडवाच्या दारचीं केळीचीं पानें निस्तेज होतात. फितीचा यांत कांहींएक अपराध नसतो.

उपाय सोपा आहे. चित्र मूळ आकारांतच ठेवावयाचें असेल, तर तें ६०१ मापाचें आहे अशी नोंद फाइलींतच करावी. तशी सोय बहुतेक रूपांतर-प्रणालींत असते. आकार वाढवावयाचा असेल, तर त्याच वेळीं रंगांचेंही ६०१ वरून ७०९ मध्यें रूपांतर करावें. नुसती पाटी बदलून भागत नाहीं, आणि नुसतें रूपांतर करूनही भागत नाहीं. आंकडे व पाटी यांचा मेळ बसला पाहिजे.

चंद्रकळेच्या निऱ्या आणि भुशीचा फेंस

दुसरा घोटाळा उजेडाच्या मर्यादेचा. संगणकाच्या चित्रांत काळ्याचा आंकडा ० व पांढऱ्याचा २५५ असतो. व्हिडिओंत काळा १६ वर सुरू होतो व पांढरा २३५ वर संपतो. संदेश थोडा खालींवर गेला तरी तो कापला जाऊं नये म्हणून दोन्ही टोकांस मोकळी जागा राखिलेली असते. १६ ते २३५ च्या चित्रास ० ते २५५ चें समजून दाखविलें, तर काळा राखी होतो, पांढरा मळतो, आणि सर्व चित्रावर धुकें पसरल्यासारखें वाटतें. खंडाळ्याच्या घाटांत घेतलेल्या चित्रांत हा दोष लवकर ओळखूंही येत नाहीं, कारण तेथें धुकें खरोखरीच असतें!

उलट प्रकार अधिक घातक. ० ते २५५ च्या चित्रास १६ ते २३५ चें समजलें, म्हणजे १६ च्या खालचें सर्व एकसारखें काळें व २३५ च्या वरचें सर्व एकसारखें पांढरें होतें. संक्रांतीच्या हळदीकुंकवास नेसलेल्या चंद्रकळेच्या निऱ्या एकमेकींत मिसळून काळा गोळा होतो. भटजींच्या धोतराच्या चुण्या नाहींशा होतात. पडद्यावर पाहतांना झालेला असा घोटाळा सुधारतां येतो. पण तोच चुकीचा अर्थ लावून नवी फाइल तयार केली व मूळ पुसून टाकलें, तर गेलेल्या निऱ्या पुन्हां कोणी आणूं शकत नाहीं.

आणखी एक बारकावा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. घरगुती कॅमेऱ्यांत लख्ख उजेडाचे भाग अनेकदां २३५ च्या वर जातात. भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून कोसळणाऱ्या पाण्याचा फेंस हें याचें चांगलें उदाहरण होय. व्हिडिओच्या मापांत राहिलें तोंवर त्या फेंसांतील बारीक छटा जिवंत असतात. घाईनें तांबड्या-हिरव्या-निळ्याच्या मापांत नेलें कीं २३५ च्या वरचें सर्व छाटलें जातें, व पाण्याच्या जागीं चुन्याचा सपाट लेप दिसतो. म्हणून उतरवितांना व्हिडिओच्या मापांतच राहावें, आणि रूपांतर करणें झालें तर अखेरीस, एकदांच, करावें.

साडीचा कांठ कां पसरतो

डोळा आकृतीचा बारकावा दीप्तीवरून पकडतो. रंगाचा बारकावा त्यास फारसा कळत नाहीं. या गोष्टीचा लाभ घेऊन वर्ण नेहमीं कमी तपशिलानें सांठवितात. पालच्या मिनी-डीव्ही फितीवर दीप्तीचे ठिपके आडवे ७२० व उभे ५७६ असतात. वर्णाचे आडवे ३६० व उभे २८८. म्हणजे चार ठिपक्यांस मिळून रंग एकच. तंत्रज्ञ यास ४:२:० म्हणतात. ४:२:२ या प्रकारांत रंगाची काटकसर आडवी तेवढी असते, उभी नसते. व्हीएचएस कॅसेटीवर रंगाचा तपशील याहूनही पुष्कळ कमी. म्हणून पैठणीचा लाल कांठ बाजूच्या पिवळ्यांत ओघळल्यासारखा दिसतो. हा दोष फितीच्या जातीचाच असल्यामुळें तो पुरता जाणार नाहीं. परंतु आपल्या हातून त्यांत भर पडूं नये.

ती भर पडते ती वारंवार रूपांतर केल्यानें. प्रत्येक वेळीं ४:२:० करावयाचें, पुन्हां पसरावयाचें, पुन्हां आंखडावयाचें, यांत रंग दरवेळीं थोडा पातळ होतो. शिवाय जुन्या व्हिडिओंत प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचें बनतें: आधीं एकाआड एक ओळी, मग मधल्या. हीं अर्धीं चित्रें निरनिराळ्या क्षणांचीं असतात. तीं एकाच क्षणाचीं समजून वर्ण आंखडला, तर धांवणाऱ्या मुलाच्या लाल सदऱ्याचा रंग त्याच्या मागेंपुढें पट्ट्यापट्ट्यांनीं दिसतो. म्हणून "चित्र अर्ध्या ओळींचें आहे" ही खूणही फाइलींत राहिली पाहिजे.

प्रत्यक्ष कृति

मिनी-डीव्हीचें काम सर्वांत सुलभ. तींत आंकडेच नोंदलेले असल्यामुळें कॅमेऱ्यांतून फायरवायर तारेनें ते जसेच्या तसे संगणकांत घ्यावे. ही शुद्ध नक्कल होय, रंगाचा प्रश्नच उद्भवत नाहीं. तासाच्या फितीस सुमारें १३ गिगाबाइट जागा लागते.

व्हीएचएसचें तसें नाहीं. प्रथम फीत तपासावी. बुरशी दिसली तर ती यंत्रांत घालूं नये, कारण एका फितीची बुरशी यंत्राच्या मुखास लागून दुसरीस बाधते. अशी फीत जाणत्या माणसाकडून स्वच्छ करून घ्यावी. फितीवर दीप्ति व वर्ण वेगळे नोंदलेले असतात. पिवळ्या टोंकाच्या साध्या तारेंत ते एकत्र मिसळतात, आणि पुढें वेगळे करतांना कडांवर ठिपके सरपटूं लागतात. यंत्रास एस-व्हिडिओची जोडणी असेल तर तीच वापरावी. उतरवितांना ७२० गुणिलें ५७६ आकार, ४:२:२ प्रकार व १६ ते २३५ ची मर्यादा ठेवावी. यंत्रांतील आपोआप उजेड वाढविणारी व रंग खुलविणारी कळ बंद करावी. सर्व आंकडे न दाबतां ठेवले तर तासास सुमारें ७५ गिगाबाइट होतात. परंतु एफएफव्ही१ सारख्या, एकही आंकडा न गमावतां घडी घालणाऱ्या प्रकारानें हें ओझें पुष्कळ हलकें होतें.

ही झाली मूळ प्रत. ती दोन वेगळ्या ठिकाणीं ठेवावी व तिला हात लावूं नये. नातेवाइकांस मोबाइलवर धाडावयाची, मोठ्या पडद्यावर पाहावयाची, अशा प्रती तिच्यावरून पाहिजे तितक्या कराव्या. रंग खुलवावयाचे असतील तर त्या प्रतींत खुलवावे.

काम नीट झालें कीं नाहीं, याची परीक्षा घरांतच होऊं शकते. फितींत दिसणारी एखादी साडी, शालू किंवा देवघरांतील पितळी समई अजून घरांत असेल, तर ती दिवसाच्या उजेडांत पडद्याशेजारीं ठेवून पाहावी. दिव्याच्या उजेडांत घेतलेलें चित्र पिवळट दिसेल, तो कॅमेऱ्याचा त्या वेळचा स्वभाव. त्याबद्दल रूपांतरास दोष देऊं नये. परंतु काळें खरोखर काळें आहे का, पांढऱ्यांत चुण्या दिसतात का, लाल तें लालच आहे कीं शेंदराकडे झुकलें आहे, एवढें पाहिलें तरी वर सांगितलेले बहुतेक घोटाळे तत्काळ उघडे पडतात.

आपल्याकडे पोथीची नक्कल करणारा लेखनिक, जसें पाहिलें तसें लिहिलें, अशा अर्थाचें वचन अखेरीस लिहून हात जोडीत असे. मूळांत चूक आहे असें वाटलें तरी ती दडपून सुधारण्याचा अधिकार तो स्वतःकडे घेत नसे. सुधारणा समासांत लिही. चित्रफितीची नक्कल करणाऱ्यानेंही हाच धर्म पाळावा. आजीच्या लुगड्याचा रंग आज आपल्यास फिका वाटला म्हणून भडक करावा, आणि पन्नास वर्षांनीं पणतवंडांनीं तोच खरा समजावा, यांत त्यांची फसवणूक आहे.

रंगाइतकीच दुसरी एक गोष्ट उतरवून ठेवण्यासारखी आहे, ती म्हणजे नांवें. पंगतींत बसलेलीं, मांडवांत वावरणारीं माणसें कोण, हें सांगणारें एखादें वडील माणूस घरांत असेल तोंवर त्यांना शेजारीं बसवून फीत दाखवावी, आणि ते सांगतील तीं नांवें व नातीं फाइलीच्या जोडीस लिहून ठेवावीं. या कामास दसऱ्यापासून होळीपर्यंतचे कोरडे दिवस चांगले. यंत्र मिळत आहे, फीत चालत आहे व सांगणारें माणूस घरांत आहे, तोंवरच तें उरकून घ्यावें.